एका चुलीवर जेवणारी माणसं

बाबा, ओमानमध्ये, तुमच्या सोहारला येऊन मला आता पावणेदोन वर्षं झाली. तुम्ही ज्या रस्त्याने कंपनीच्या बसमधून कामावर जायचात त्याच रस्त्याने मीही जाते, फक्त माझी बस थंड असते आणि तिच्या काचा उघडत नाहीत. औद्योगिक वसाहतीत शिरताना डाव्या हाताला कामगारांच्या जुन्या खोल्यांची एक रांग दिसते. पत्र्याची छपरं, बाहेर ताणलेल्या दोरीवर वाळत घातलेले निळे डगले, दारात चपलांचे ढीग. त्यातली तुमची खोली कुठली हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं, म्हणून मी सगळ्याच खोल्यांकडे बघत जायचे. गेल्या महिन्यात ती कळली. आणि ती कळल्यापासून मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी पाचवीत असतानाच सांगायला हवी होती.

आधी माझं काम सांगते, कारण तुम्ही ते नक्की विचारलं असतंत. मी इथल्या एका कारखान्यात कागदपत्रांच्या विभागात आहे. यंत्रांचे नकाशे, वेल्डिंग तपासल्याचे अहवाल, कोणत्या तारखेला कोणी सही केली, हे सगळं माझ्याकडे येतं. प्रत्येक कागदाला नंबर असतो. नकाशात दुरुस्ती झाली की नवी प्रत निघते आणि जुन्या प्रतीवर आम्ही लाल शिक्का मारतो, ‘रद्द’. पण ती जुनी प्रत फेकत नाही, जपून ठेवतो. उद्या कोणी विचारलं की आधी इथे काय होतं, तर दाखवता आलं पाहिजे. हे काम कंटाळवाणं आहे असं बाकीचे म्हणतात. मला ते आवडतं. कॉलेजमध्ये असताना मला वाटायचं की लोकांवर जो काही अन्याय होतो त्यातला निम्मा तरी नोंद नसल्यामुळे होतो, आणि नोंदी नीट ठेवणारा माणूसही एका अर्थी न्यायाचंच काम करतो. हे मी मुलाखतीतही बोलले होते. समोरचे साहेब हसले, पण नोकरी दिली.

आमच्या विभागात एक म्हातारा स्कॉटिश इन्स्पेक्टर आहे. यंदा निवृत्त होणार. दुपारच्या सुट्टीत तो संगणकावर आपल्या पूर्वजांचा शोध घेत बसतो. त्यांच्याकडे जनगणनेचे मूळ तक्ते शंभर वर्षांनी लोकांना उघडे करतात म्हणे. एके दिवशी त्याने मला हाक मारून एक पान दाखवलं. पिवळट, वळणदार हस्ताक्षरात लिहिलेलं. एक घर, त्यात सहा माणसं, एकाखाली एक. सगळ्यांत वर त्याच्या खापरपणजीचं नाव. त्यापुढे लिहिलं होतं, घरप्रमुख, विधवा, लोकांचे कपडे धुणारी. खाली तिची चार मुलं आणि एक भाडेकरू. तो माझ्याकडे न बघता म्हणाला की या बाईचा फोटो नाही, पत्र नाही, थडगंसुद्धा सापडत नाही, पण एका रात्री या घरात कोण कोण होतं ते मला माहीत आहे. मी बराच वेळ त्या पानाकडे बघत उभी होते. माझा डबा तसाच राहिला.

त्या दिवसापासून मला तसलं एक पान हवंसं झालं. आपल्याकडे कागद नाहीत असं नाही, बाबा. बारावीनंतर जातपडताळणीसाठी आई आणि मी तालुक्याला किती हेलपाटे घातले ते तुम्ही पाहिलं नाहीत. वंशावळ लिहून द्यावी लागते, तुम्ही, तुमचे वडील, त्यांचे वडील. पणजोबांची नोंद गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीत सापडली, नुसतं नाव आणि जात, आडनाव नाही. आजोबांची सापडली शाळेच्या रजिस्टरात, जन्मतारीख एक जून. तुमचीही एक जून. शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्यांचीच एक जून लावलेली. तुमचा दाखला आहे, पासपोर्टची प्रत आहे, इथल्या कामाचं कार्ड आहे. पण हे सगळे कागद एकट्या माणसाचे आहेत. एका कागदावर एक माणूस, बाजूला कोणी नाही. तुम्ही आणि आई आणि मी, तिघं एकाखाली एक लिहिलेले आहोत, असा एकही कागद माझ्याकडे नाही. रेशनकार्डावर होतो, ते छपराचं पाणी लागून गेलं, आणि नवीन मिळालं तेव्हा तुम्ही नव्हतात. एका घरातली माणसं एका पानावर मांडते ती फक्त जनगणना.

म्हणून मी चौकशी केली. जिथे वाचायचं तिथे वाचलं, जिथे लिहायचं तिथे लिहिलं. उत्तर सरळ होतं. आपल्याकडे माणसांची माहिती गुप्त ठेवतात, शंभर वर्षांनीही उघडी करत नाहीत, आणि आकडे काढून झाले की घराघरांत भरलेले मूळ तक्ते राखून ठेवत नाहीत. आकडा राहतो, पान राहत नाही. आपल्या वाडीत किती घरं, किती माणसं, किती स्त्रिया, हे मला इथे बसून दोन मिनिटांत सापडलं. त्या आकड्यात तुम्ही नाही आहात. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, कारण तुम्हाला त्यातून काढलं ते मीच.

तो दिवस सांगते. मी पाचवीत आहे. आदल्या रविवारी विहारात बैठक झालेली आहे. वाडीतले मोठे लोक बायकांना समजावून सांगतात की मोजणीला बाई येतील तेव्हा धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहून घ्या, पेन्सिलीने लिहू देऊ नका, पेनानेच लिहायला सांगा, आणि काय लिहिलं ते पोरांकडून वाचून घ्या. खरी नोंद झाली पाहिजे. मी पुढच्या रांगेत बसून ते वहीत उतरवून घेते. घरी येऊन आईला तीनदा वाचून दाखवते. आई काजूच्या कारखान्यातून आलेली, तिची बोटं चिकाने काळी झालेली. ती म्हणते, ते सगळं कळलं, पण बाबा घरीच असतात असं सांगायचं. परदेशात आहेत म्हटलं तर रेशनकार्डावरून नाव उडेल. मी मान हलवते.

बाई येतात त्या आमच्या शाळेतल्याच, पाचवीच्या वर्गावरच्या. पडवीत चटईवर बसतात. एवढी मोठी पानं मी कधी पाहिलेली नसतात. मी त्यांना सांगते, बाई, पेनाने लिहा. त्या हसतात आणि पेन वर करून दाखवतात. आई घरप्रमुख म्हणून तुमचं नाव सांगते. बाई ते पहिल्या ओळीत लिहितात, टपोऱ्या अक्षरांत, फळ्यावर लिहितात तसं. मग प्रत्येक घरी करतात तोच प्रश्न करतात, या चुलीवर रोज कोण कोण जेवतं? मोजणीत घर म्हणजे भिंती नाहीत, एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे घर, हे त्या मला मुद्दाम समजावतात, कारण मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी आहे. आणि मला ते इतकं पटतं. इतकं सोपं आणि खरं वाटतं. मी म्हणते, “बाई, बाबा आपल्या चुलीवर जेवत नाहीत. ते मस्कतला असतात. दीड वर्ष झालं.” सोहार म्हटलं तर कोणाला कळायचं नाही, म्हणून आपण सगळे मस्कतच म्हणायचो.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. बाईंनीही तिच्याकडे बघितलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, मग आधी सांगायचं ना, आणि पहिल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. पेनाने. पेन्सिल असती तर कदाचित नंतर काही करता आलं असतं, पण पेन आम्हीच मागितलं होतं. मग आईला घरप्रमुख केलं. खाली मी. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं आणि मला वाचून बघायला दिलं. मी मोठ्याने वाचलं. बाईंनी शाबास म्हटलं.

त्या गेल्यावर आईने मारलं नाही. चुलीपुढे बसली, जाळ सारखा केला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, “बापाला जितेपणी खोडलंस.” एवढंच. त्या रात्री जेवताना तिने मला नेहमीपेक्षा जास्त वाढलं, आणि ते मला जास्त लागलं.

शुक्रवारी तुमचा फोन आला. तुम्ही नेहमी आधी आईशी बोलायचात आणि शेवटच्या दोन मिनिटांत माझ्याशी. त्या दिवशी मलाच मागितलंत. विचारलंत, मोजणीची बाई आली होती का. मी हो म्हटलं. मग विचारलंत, माझं नाव लागलं का. तुमच्या मागे माणसांचा गलका होता, भांडी वाजत होती. आई माझ्यासमोर उभी होती. मी म्हटलं, “हो. पहिलंच आहे. तुमच्याखाली आई, मग मी.” तुम्ही म्हणालात, शाबास, आणि फोन ठेवलात. एका आठवड्यात दोघांनी मला शाबास म्हटलं, बाईंनी खरी नोंद वाचून दाखवल्याबद्दल आणि तुम्ही खोटी सांगितल्याबद्दल. त्यानंतर आईने आणि मी हा विषय पुन्हा काढला नाही.

दिवाळीला तुम्ही यायचे होतात, मग काम लांबलं म्हणून सुट्टी उन्हाळ्यावर गेली. मी ठरवलं होतं की तुम्ही आलात की सांगायचं. फोनवर नको, समोर बसून. तुम्ही ओरडणार नाही याची मला खात्री होती. जून उजाडला आणि तुमची पेटी आली. पेटीबरोबर एक कागद आला, अरबीत, मागे इंग्रजी भाषांतर जोडलेलं. साइटवर छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. तो कागद माझ्याकडे इथे आहे. आता मला त्यातली अरबी थोडी वाचता येते. त्यावरही तुम्ही एकटेच आहात.

इथे आल्यावर पहिलं वर्ष मी तुम्हाला शोधलं नाही, हेही सांगते. धीर झाला नाही. मी दोन मल्याळी नर्सबरोबर भाड्याने राहते. त्यांच्या पाळ्या वेगळ्या, बोली वेगळी, जेवण वेगळं. स्वयंपाकघर एकच आहे, पण प्रत्येकीचं कपाट वेगळं आणि प्रत्येकीच्या जेवणाची वेळ वेगळी. मी वरणभात करते आणि ताट घेऊन खोलीत येते. ऑफिसात दिवसभर हिंदी आणि इंग्रजी. कधीकधी संध्याकाळी लक्षात येतं की आज आपण मराठीत एक शब्दही बोललेलो नाही, मग आईला फोन करते आणि जेवलीस का एवढं विचारून ठेवते. इथे आता मोजणीला घरोघरी माणसं येत नाहीत म्हणतात, ओळखपत्रांवरून संगणकच मोजतो. म्हणजे मी मोजली गेले तरी मला कळणारसुद्धा नाही. कोणी दारात बसून विचारणार नाही की इथे कोण कोण जेवतं.

त्या स्कॉटिश माणसाचं पान पाहिल्यावर मात्र राहवेना. मला वाटलं, गावच्या पानावर नसाल, पण इथल्या पानावर तरी असाल. तुम्ही इथे होतात त्या हिवाळ्यात ओमानची मोजणी झाली होती, आपल्या मोजणीच्या दोनच महिने आधी. तेव्हा माणसं घरोघरी, खोल्याखोल्यांत गेली होती. ते पान मला कोणी दाखवणार नाही हे ठाऊक होतं. पण त्या खोलीत तुमच्याबरोबर होता असा एखादा माणूस सापडला तर तो सांगू शकेल की हो, आम्ही सगळे एकाखाली एक लिहिले गेलो. मला तेवढं पुरलं असतं.

एप्रिलमध्ये आपल्या लोकांची जयंती होती, मस्कतला एका हॉलमध्ये. मी गेले. बरेचसे इंजिनियर, त्यांच्या बायका, इंग्रजीत दंगा करणारी मुलं. तिथे जो भेटेल त्याला मी विचारत सुटले. सोहारला पंधरा वर्षांपूर्वी शटरिंगचं काम करणारं कोणी ओळखीचं आहे का? लोक चांगले होते, पण त्यांना असले कोणी ओळखीचे नव्हते. शेवटी वाढप्यांपैकी एकाने नंबर दिला. म्हणाला, रत्नागिरीच्या खाडीकडचे एक मुसलमान काका आहेत, आधी सोहारला सुतारकाम करायचे, आता निझवाला इथले लांब झगे, दिशदाशा, शिवायचं दुकान टाकलंय, सगळ्या जुन्यांना ओळखतात. मी फोन केला, तुमचं नाव सांगितलं. त्यांना ओळख लागेना. मग मी म्हटलं, ते लोकांची पत्रं लिहून द्यायचे. पलीकडून एकदम आवाज आला, “मास्तरची पोर?”

तुम्हाला इथे मास्तर म्हणत होते, हे आम्हाला तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

पुढच्या शुक्रवारी मी निझवाला गेले. मस्कतला बस बदलून पोचले तेव्हा दुकानं दुपारची बंद होती. काका दुकानाबाहेर खुर्ची टाकून माझी वाट बघत बसले होते. पांढरी दाढी, गळ्यात मापाची टेप. मला बघून उठले नाहीत, नुसतं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, कपाळ तेच. मग चहा मागवला आणि मी काही विचारायच्या आत सुरू झाले. कोकणातलं, अधेमध्ये हिंदी घुसलेलं, पण कान निवावेत असं बोलणं. “तुझा बापूस मच्छी साफ करायला बसला की खलास. घड्याळ बंद पडायचं. आम्ही बोलायचो, मास्तर, मच्छी करतोस की ऑपरेशन करतोस? अकरा आदमी भुकेले बसलेत इकडे.” अकरा जण एका खोलीत, दोन मजली खाटा, एक गॅस, एक मोठं पातेलं. शुक्रवारी तुमची पाळी. तुमच्या आमटीला आईच्या हाताची चव यायची म्हणे. आईच्या म्हणजे कोणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही. ज्याच्या त्याच्या असेल.

मी मोजणीचं विचारलं. त्यांना लगेच आठवलं, आणि ते हसायचे थांबले.

खोली आठ माणसांसाठी होती, बाबा, आणि राहत होतात अकरा. मोजणीवाले येण्याच्या आदल्या दिवशी कॅम्प बॉस आला आणि म्हणाला की विचारलं तर आठच सांगायचं, तीन जणांनी सकाळपासून बाहेर जायचं, यल्ला. आता कोण बाहेर जाणार? नाव लागलं नाही तर कार्ड रद्द होईल, घरी धाडतील, नाना शंका. कोणी खाटेवरून उतरेना. मग तुम्ही बोललात. काकांनी ते जसंच्या तसं सांगितलं, माझ्याकडे न बघता, समोरच्या बंद दुकानाकडे बघत. “बोलला, मी जातो. आमच्याकडे दोन महिन्यांनी मोजणी आहे, तिकडे माझं नाव लागणार. माणूस एकदाच मोजायचा असतो. माझी पोरगी हुशार आहे, ती लावून घेईल.”

सकाळी बाहेर पडण्यापूर्वी तुम्ही उरलेल्या आठांची नावं कागदावर नीट लिहून दिलीत, कारण त्यांच्यातल्या कोणाला धड सांगता आलं नसतं. तो कागद मोजणीवाला साहेब घेऊन गेला. तुम्ही तिघं दिवसभर समुद्रावर जाऊन बसलात आणि अंधार पडायला लागल्यावर परत आलात.

मी चहाचा पेला धरून बसले होते. मला वाटलं होतं की इथे मला तुमचं पान सापडेल. सापडलं ते हे, की तुम्ही इथलं पान माझ्या भरवशावर सोडलं होतंत. तुम्ही प्रामाणिक राहिलात आणि मीही प्रामाणिक राहिले, आणि आपल्या दोघांच्या प्रामाणिकपणात तुम्ही दोन्हीकडून गळलात. ज्या वर्षी दोन देशांनी आपापली माणसं मोजली, त्या वर्षी तुम्ही कुठेच नव्हतात. शुक्रवारी फोनवर तुम्ही मलाच का मागितलंत ते मला पंधरा वर्षांनी निझवाच्या फुटपाथवर कळलं.

काका थांबले नाहीत. म्हणाले, मग फेब्रुवारीत एका शुक्रवारी तुम्ही फोन करून आलात ते हलव्याचा डबा घेऊनच, चांगला केशराचा. सगळ्यांच्या हातावर ठेवलात. “बोलला, लागलं. पहिलं नाव माझं, माझ्याखाली माझी बायको, मग पोरगी. ते काय लॉटरी लागल्यासारखं सांगत होता.” खोलीतल्या पोरांनी तुमची थट्टा केली. म्हणाले, मास्तर, पोरगी बापाला खूश करते हां, तू काय जाऊन बघितलंस? तुम्ही म्हणालात की माझी पोरगी खोटं बोलत नाही.

एवढं सांगून काका माझ्याकडे वळले. आता दुकानं उघडायला लागली होती, शटर वर जात होती. मोठ्याने बोलावं लागत होतं. त्यांनी विचारलं, “होतं ना गं नाव? खरं सांग. मला तेव्हापासून ती एक रुखरुख लागलेली. पहिलंच होतं?”

मी त्यांच्या दाढीकडे बघितलं. हा माणूस त्या आठांतला होता. तुम्ही बाहेर गेलात म्हणून त्यांचं नाव लागलं होतं. मी म्हटलं, “हो काका. पहिलंच होतं. बाईंनी माझ्यासमोर लिहिलं. टपोऱ्या अक्षरांत.”

यातला एकही शब्द खोटा नाही. तरी मी इतकं मोठं खोटं आयुष्यात दुसऱ्यांदाच बोलले, आणि दोन्ही वेळा तेच.

काकांनी बस झालं अशी मान हलवली. मग मी वही काढली आणि त्यांना विचारलं की खोलीत कोण कोण होतं ते सांगा. त्यांनी डोळे मिटले आणि दारापासून खाटांच्या क्रमाने सांगत गेले, खालचा, वरचा, खालचा, वरचा. नाव, गाव, काम. दोघांची गावं आठवली नाहीत, तिथे मी जागा सोडली. खिडकीजवळची खालची खाट तुमची. मी अकरा ओळी लिहिल्या. वर घरप्रमुख असं लिहायची सवय, म्हणून विचारलं की प्रमुख कोण होतं. काका म्हणाले, “प्रमुख कोण असणार? ज्या दिवशी ज्याच्या हातात कालथा, त्या दिवशी तो.” मी तो रकाना आखला आणि रिकामा ठेवला. हा कागद कुठल्याही सरकारचा नाही. त्यावर शिक्का नाही. तरी तुम्ही माणसांबरोबर आहात असा माझ्याकडचा तो एकच कागद.

निघताना काकांनी खोलीचा पत्ता सांगितला, निळ्या टाकीला लागून तिसरी. मी रोज तिच्यावरून जाते. तिथे आता दुसरी माणसं राहतात. किती, ते मी मोजलेलं नाही.

परतीच्या बसची वाट बघत होते तेव्हा आईचा फोन आला. गावात नव्या जनगणनेची घरयादी चालू आहे, उद्या आपल्या वाडीत येणार, आता कागद नाही, मोबाइलवर लिहून घेतात, असं सगळं तिने सांगितलं. मी आईला निझवाचं काही बोलले नाही. तिलाही मी कुठे गेले आहे ते ठाऊक नव्हतं. मग ती म्हणाली, “घरात माणसं किती विचारतील. किती सांगू?”

मला नियम पाठ आहे. जो बाहेरदेशी राहतो त्याला धरत नाहीत. नुकतीच मी एका म्हाताऱ्या माणसाला पाहिजे ते उत्तर देऊन आले होते, आणि मला वाटलं की आता एक तरी गोष्ट नीट करावी. मी म्हटलं, “एक सांग, आई.”

ती म्हणाली, “एक?”

मी म्हटलं, “नियम तसा आहे.” मग ती बरं म्हणाली आणि जेवलीस का विचारलं. मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

याला पाच आठवडे झाले, बाबा. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही म्हणून मी एवढं सविस्तर लिहू शकले. तुम्ही समोर असतात तर दोन वाक्यांत आटोपलं असतं, की बाबा, तुमचं नाव मी खोडायला लावलं आणि लागलं म्हणून सांगितलं. तुम्ही काय म्हणाला असतात त्याचा मी विचार करते आणि दरवेळी वेगळं काहीतरी ऐकू येतं.

आईला मी रोज फोन करते. मोजणीची माणसं येऊन गेली, एवढं तिने सांगितलं. तिने किती सांगितलं ते मी विचारलेलं नाही. मला वाटतं तिने दोन सांगितलं असावं, आणि तसं असेल तर मला ते चालणार आहे.